फरशी, फळी आणि मधला अर्धा इंच

घर बांधावयास किंवा सजवावयास निघालेला मनुष्य भिंतींचे रंग ठरवितो, खिडक्यांचीं तोंडें ठरवितो, दिव्यांच्या जागा ठरवितो. आणि पायांखालच्या जमिनीचा विचार बहुधा सर्वांच्या शेवटीं, तोहि दुकानांत उभ्याउभ्याच, अर्ध्या तासांत उरकून टाकतो. वस्तुतः घराच्या दुसऱ्या कोणत्याहि भागाशीं आपला इतका निकटचा आणि इतका अखंड संबंध येत नाहीं. भिंतीस आपण क्वचित् हात लावतों. जमिनीवर आपण दिवसभर उभे असतों. मूल प्रथम तिच्यावर रांगतें आणि वृद्ध मनुष्य प्रथम तिलाच भिऊं लागतो.

अलीकडे नव्या घरांतून जमीन दोन प्रकारची करण्याची आवड वाढली आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, येण्याजाण्याचा मार्ग येथें फरशी, आणि बैठकीची व निजावयाची खोली येथें लांकडाच्या फळ्या. ही आवड मला नापसंत नाहीं. ती आपल्या जुन्या घरांच्या रीतीस धरूनच आहे, असें मी पुढें दाखविणार आहें. परंतु दोन पदार्थ शेजारीं ठेवणें निराळें, आणि ते एकत्र नांदविणें निराळें. हा भेद वेळीं न कळल्यामुळें आमच्या घरास जी किंमत द्यावी लागली ती मोठी होती. आणि चूक मात्र अवघ्या अर्ध्या इंचाची होती. दुसऱ्या कोणाच्या घरीं ती होऊं नये, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

आमच्या घरची हकीकत

पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आमचा वडिलोपार्जित दुमजली वाडा होता. कडीपाट वांकले, भिंतींत पाणी मुरूं लागलें, आणि अखेर भाऊबंदांच्या संमतीनें तो उतरवून त्या जागीं सदनिकांची इमारत उभी राहिली. वाडा उतरतांना माझ्या थोरल्या बंधूंनीं, ज्यांस घरांत लहानथोर सर्वजण दादा म्हणतात, माडीवरच्या सागवानी फळ्या तेवढ्या मागून घेतल्या. त्या फळ्यांवर बसून आजोबांनीं मुलांस शिकविलें होतें, आमचे पाढे तेथेंच पाठ झाले होते. त्या विकाव्या असें कोणासच वाटलें नाहीं. नव्या घरीं बैठकीच्या खोलींत त्या घालाव्या असें दादांनीं ठरविलें. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, स्वयंपाकघर आणि त्यास लागून असलेली जेवणाची जागा येथें फरशीच हवी. तेथें पाणी सांडतें, तेल सांडतें, दिवसांतून दोनदां पुसावें लागतें. दोन्ही म्हणणीं रास्त होतीं आणि दोन्ही मान्य झालीं.

गवंडी फाल्गुनांत येऊन फरशी घालून गेला; सुतार वैशाखांत आला. दोघांची एकमेकांशीं गांठच पडली नाहीं. सुतार वयानें तरुण, पण हाताचा मोठा नेटका होता. त्यानें फळ्या रंधून, एकीस एक घट्ट भिडवून, एका बाजूस भिंतीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूस थेट फरशीच्या कडेपर्यंत अशा बसविल्या कीं मध्यें नखहि शिरूं नये. आम्हीं सर्वांनीं त्याच्या हाताची तारीफ केली. मीं एकट्यानें भीत भीत विचारलें, "दादा, पावसाळ्यांत हें फुगणार नाहीं ना?" दादा हंसून म्हणाले, "अरे, शंभर वर्षांचें सागवान हें! फुगावयाचें तें पणजोबांच्या वेळींच फुगून झालें." या उत्तरानें मी निरुत्तर झालों, इतकेंच नव्हे, तर मला तें पटलेंहि.

आषाढ सरतां सरतां खोलीच्या मधोमध फळ्या किंचित् वर आल्या आणि चालतांना पोकळ आवाज येऊं लागला. श्रावण लागला तों फरशीस भिडलेली फळी सबंध लांबीभर उचलून अर्धा इंच वर आली. "पाऊस उघडला कीं बसेल," असें म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. श्रावणांतल्या एका शुक्रवारीं जिवतीच्या पूजेसाठीं पुरणाच्या नैवेद्याचें ताट घेऊन वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर येत होत्या. दोन्ही हात ताटास गुंतलेले, दृष्टि ताटावर. पाऊल त्या कडेस अडलें. वहिनींचें वय तेव्हां बहात्तर होतें. उजव्या मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढले तीन महिने त्या वॉकर धरून घरांतल्या घरांत चालत होत्या.

दादांनीं सुतारास दोष दिला, सुतारानें गवंड्यास दिला, आणि घरांतील बाकीच्यांनीं, तोंडानें न बोलतां, फळ्यांस दिला. दादा कित्येक दिवस त्या खोलींत बसावयास गेले नाहींत. दोष कोणाचा हें शोधण्यापेक्षां कारण काय हें शोधावें, ही शिक्षकाच्या पेशाची जुनी खोड. मीं एका अनुभवी स्थापत्यज्ञास विचारलें, एका म्हाताऱ्या सुताराच्या पायांशीं बसलों, कांहीं पुस्तकें चाळलीं. त्यांतून जें हातीं लागलें तें पुढें देतों.

जुन्या घरांची रीत

बांधून काढलेली जमीन आपणांकडे नवीन नाहीं. अमरकोशांत अशा भूमीस 'कुट्टिम' हा शब्द दिला आहे. आपला 'फरसबंदी' हा शब्द ज्या 'फर्श' शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ अंथरलेलें असा आहे. आणि दगड व लांकूड यांचा एकाच घरांत संसार हा तर पेशवेकाळच्या प्रत्येक वाड्यांत दिसत असे. जोतें दगडी, चौक दगडानें बांधलेला, माजघर व स्वयंपाकघर सारवलेलें. आणि वर कडीपाटाची लांकडी माडी. पुष्कळ ठिकाणीं पाटांवर मातीचा थर देऊन तीहि सारवीत. पुण्याचा शनिवारवाडा १७३० सालीं बांधावयास घेतला. १८२८ च्या आगींत त्याचे लांकडी मजले जळाले, आणि आज आपण पाहतों तीं जोतीं, तट व दरवाजे तेवढे राहिले. दगड टिकला, लांकूड गेलें; तरी राहणारांची बैठक आणि निजणें त्या लांकडी मजल्यांवरच होतें, हें विसरूं नये.

रंगीत नक्षीची फरशी मागाहून आली. इंग्लंडांतील मिंटन कारखान्याची फरशी मुंबईच्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयांत, जें १८७२ सालीं लोकांस खुलें झालें व आज भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, अद्याप पाहावयास मिळते. १९२२ सालीं मुंबईत भारत फ्लोअरिंग टाइल्स हा स्वदेशी कारखाना निघाला आणि सिमेंटची रंगीत फरशी आपल्याकडील घरांतून दिसूं लागली. शहाबादी फरशी तर इतकी घरोघर पोंचली कीं, शहाबाद हें कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांतील गांवाचें नांव आहे हेंहि पुष्कळांच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

या सर्व जुन्या घरांत दोन जमिनींच्या मध्यें एक वस्तु हटकून असे. ती म्हणजे उंबरठा. खोली बदलली, जमीन बदलली, कीं मध्यें दोनतीन इंच उंचीचें लांकूड आडवें. पाणी अलीकडचें पलीकडे जात नसे, विंचूकिडा सहसा आंत येत नसे, आणि दोन जमिनी थोड्या खालींवर असल्या तरी कोणास कळत नसे. संस्कृतांतील 'देहलीदीपन्याय' हा याच उंबरठ्यावरून निघाला; तेथें ठेवलेला एकच दिवा दोन्ही बाजूंस उजेड देतो. आतां उंबरठे गेले. चाकाच्या खुर्चीसाठीं, लहान मुलांसाठीं, म्हाताऱ्यांसाठीं जमीन सलग असावी हा विचार योग्यच आहे. परंतु उंबरठा गेला तेव्हां त्याचें कामहि संपलें, अशी आपली समजूत झाली. आणि येथेंच घोटाळा झाला. तीन इंचांचा उंबरठा डोळ्यांस दिसतो, पायास माहीत असतो. अर्ध्या इंचाची कड दिसत नाहीं. म्हणून ठेच उंबरठ्यापेक्षां कडेचीच अधिक लागते.

लांकडाचा स्वभाव

झाड तोडल्यावर लांकूड मरतें असें आपण म्हणतों. परंतु हवेशीं त्याचा व्यवहार संपत नाहीं. हवा दमट झाली कीं लांकडाच्या पेशींच्या भिंती ओलावा घेतात आणि लांकूड रुंद होतें. हवा कोरडी झाली कीं ओलावा सुटतो आणि तें आकसतें. पुण्यास वैशाखांत धुतलेलें धोतर तासाभरांत वाळतें, श्रावणांत तेंच दोन दिवस दमट राहतें. जी गति धोतराची तीच फळीची, फरक इतकाच कीं फळीस वेळ अधिक लागतो. हा व्यवहार लांकूड कितीहि जुनें झालें तरी बंद पडत नाहीं. मुरलेलें लांकूड पिळवटत नाहीं, तडकत नाहीं, हें खरें; परंतु ऋतूप्रमाणें रुंद-अरुंद होणें हें शंभर वर्षांच्या सागवानासहि चुकत नाहीं. दादांची समजूत, जी माझीहि झाली, ती नेमकी येथें चुकली होती.

हालचाल किती होते, याचा हिशेब मांडतां येतो. सागवान हें या बाबतींत फार गुणी लांकूड; इतर पुष्कळ लांकडांहून तें कमी हलतें. तरीहि ज्या फळीच्या तोंडावर वाढीचीं वलयें आडवीं दिसतात, ती फळी तिच्यांतील ओलावा शेंकडा १ नें वाढला असतां रुंदींत शेंकडा ०.१८ इतकी वाढते. आंकडा क्षुद्र दिसतो. पण १० फूट रुंदीच्या खोलींत फळीस फळी भिडवून बसविली म्हणजे त्या सर्वांची वाढ एकत्र होते. आणि वैशाखापासून श्रावणापर्यंत ओलावा शेंकडा ४ नें जरी वाढला, तरी एकूण वाढ पाऊण इंचाहून अधिक भरते. फळ्यांमधील बारीक फटींत कांहीं वाढ जिरते. जेथें फटीच नाहींत तेथें ती सर्व वाढ कडेकडे ढकलली जाते. ज्या फळीच्या तोंडावर वलयें उभीं दिसतात ती याच्या जवळजवळ निम्मीच हलते, म्हणून जमिनीसाठीं तशा फळ्या निवडून घेणें शहाणपणाचें. लांबींत मात्र लांकूड जवळजवळ हलतच नाहीं. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. फळ्यांचीं टोंकें फरशीकडे येतील अशा त्या घातल्या तर सांध्यावर ताण थोडा पडतो. फळ्या सांध्यास समांतर घातल्या तर सबंध खोलीची वाढ त्या सांध्यावर येऊन आदळते. आमच्या घरीं फळ्या समांतर होत्या.

फरशीचा स्वभाव

फरशी याच्या अगदीं उलट. आजची विट्रिफाइड फरशी, जी मोठ्या प्रमाणावर गुजराथेंत मोरबी येथें होते, ती इतक्या आंचेवर भाजलेली असते कीं ती आपल्या वजनाच्या शेंकडा अर्ध्याहूनहि कमी पाणी पिते. पावसाळा आला काय आणि गेला काय, तिला खबरहि नसते. उष्णतेनें ती वाढते, पण तें वाढणें असें कीं, १० फुटांच्या लांबींत उष्णमान १५ अंशांनीं चढलें तरी वाढ मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढी. म्हणजे शेजारच्या फळ्या जेथें पाऊण इंच पुढें येऊं पाहतात, तेथें फरशी केसाएवढीहि मागें सरत नाहीं. दोघांच्या मध्यें जागा नसेल तर ढकलणारा वर उचलला जातो, आणि ढकलणारें लांकूडच असतें. आमच्या घरीं झालें तें एवढेंच.

फरशी थंड आणि लांकूड ऊबदार, हा जो अनुभव आहे त्याविषयीं दोन शब्द सांगतों, कारण घरांतील म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीनें तो महत्त्वाचा आहे. एकाच खोलींत उष्णमापक लावला तर दोहोंचें उष्णमान सारखेंच निघेल. परंतु पायाची ऊब फरशी लांकडापेक्षां पांचसहा पट वेगानें ओढून घेते, म्हणून ती थंड वाटते. उन्हाळ्यांत हा गुण सुखाचा, पौषांत पहाटे उठणाऱ्या वृद्धास तोच गुण दुःखाचा. शिवाय गुळगुळीत फरशी ओली झाली म्हणजे तीवर पाय सरकतो. न्हाणीघर व स्वयंपाकघर येथें म्हणून चकाकणारी फरशी न घेतां खरखरीत पाठीची घ्यावी, मग ती थोडी कमी देखणी असली तरी चालेल. शहाबादी फरशी चुनखडीच्या जातीचा दगड असल्यामुळें तिला आंबट पदार्थ सोसत नाहींत. लिंबू, चिंच, कोकम, आणि विशेषतः न्हाणीघर साफ करण्याचें आम्ल तिच्यावर कायमचे डाग पाडतात.

कोठें काय असावें

दोघांचे स्वभाव ध्यानांत आले म्हणजे जागा आपोआप ठरतात. जेथें पाणी, तेल आणि विस्तव यांचा वावर, तेथें फरशी. म्हणून स्वयंपाकघर, मोरी, न्हाणीघर आणि कपडे वाळत घालण्याची जागा हीं निर्विवाद फरशीचीं. देवघरहि फरशीचेंच, तेथें अभिषेकाचें पाणी सांडतें आणि समईचें तेल ठिबकतें. जेवणाच्या जागेविषयीं मतभेद होईल. पण ज्या घरीं सणावारीं जमिनीवर पंगत बसते आणि नंतर पाण्यानें पुसून घ्यावें लागतें, तेथें सूनबाईंचें म्हणणेंच खरें.

जेथें माणूस अनवाणी बसतो, निजतो, वाचतो, मूल रांगतें, तेथें लांकूड. निजण्याची खोली, वडील माणसांची खोली, अभ्यासाची जागा हीं लांकडास योग्य. झोपाळ्याखालीं मात्र लांकूड घालतांना विचार करावा. रोजच्या पायांच्या रेट्यानें तेथील फळी इतर फळ्यांच्या आधीं झिजते. तळमजल्यावर जमिनीचा ओलावा आणि वाळवी यांचा बंदोबस्त झाल्यावांचून लांकडाचें नांव काढूं नये. आणि लांकडी जमीन धुवावयाची नसते. पिळून घेतलेल्या फडक्यानें पुसावयाची असते. मोलकरणीस हें समजावून सांगण्याचें काम घरधनिणीचें नव्हे, तर ज्यानें लांकडाचा हट्ट धरला त्याचें.

बाजारांत लांकडासारखी दिसणारी फरशी आणि लांकडासारखा दिसणारा लॅमिनेट असे दोन पर्यायहि मिळतात. पहिली ही खरोखर फरशीच आहे. तिला फरशीचे सर्व गुण आणि थंडपणाहि आहे. दुसरा म्हणजे लांकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाट्यावर लांकडाचें चित्र. पाणी आंत शिरलें तर तो फुगतो आणि पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. यांहून निराळी अशी एंजिनिअर्ड फळी असते. तिच्यांत लांकडाचे पातळ थर आडवेउभे चिकटविलेले असतात. एक थर दुसऱ्यास आवरून धरतो, म्हणून ती सबंध लांकडापेक्षां पुष्कळच कमी हलते. ज्यांच्यापाशीं वडिलोपार्जित फळ्या नाहींत, त्यांनीं हिचा अवश्य विचार करावा.

मधला सांधा

आतां मुख्य गोष्ट. संस्कृत व्याकरणांत दोन स्वर शेजारीं आले कीं त्यांचा संधि होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या द्विवचनाच्या अंतीं ई, ऊ किंवा ए असतो तें प्रगृह्य. पुढें स्वर आला तरी त्याचा संधि होत नाहीं. 'मुनी आगच्छतः' असेंच राहतें, 'मुन्यागच्छतः' होत नाहीं. दोघे मुनि शेजारून चालत येतात, पण एकमेकांत मिसळत नाहींत. फरशी आणि फळी यांचा संबंध असा प्रगृह्य ठेवावा. त्यांस चिकटवावयाचें नाहीं. शेजारीं बसवून मध्यें अवकाश द्यावयाचा.

हा अवकाश सुमारें अर्ध्या इंचाचा असावा. खोली फार रुंद असल्यास त्याहून थोडा अधिक. भिंतीच्या बाजूसहि तेवढाच सोडावा आणि तो भिंतीच्या पायथ्याशीं लावावयाच्या पट्टीनें, जिला कारागीर स्कर्टिंग म्हणतात, झांकावा. ही पट्टी भिंतीस ठोकावी, फळीस ठोकूं नये. नाहींतर सोडलेली जागा असून नसल्यासारखी. फरशीकडील अवकाशांत बुचाची पट्टी किंवा लवचिक भरण घालावें. सिमेंट मुळींच भरूं नये. वरून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पितळी पट्टी बसविली म्हणजे फट झांकते आणि खालचें लांकूड मोकळेपणीं पुढेंमागें होतें. पट्टी एकाच बाजूस पक्की करावी, दोन्ही बाजूंस नव्हे. दोन खोल्यांच्या मध्यें दार असेल तर सांधा लावलेल्या दाराच्या बरोबर खालीं येईल असें पाहावें.

दुसरी गोष्ट पातळीची. फरशी व तिची चिकटण मिळून जाडी सुमारें अर्धा इंच, तर पाऊण इंचाची फळी व तिच्याखालीं अर्ध्या इंचाचें प्लायवुड मिळून जाडी सव्वा इंच. हा पाऊण इंचाचा फरक फरशीखालच्या थरांतच भरून काढावा लागतो. फरशी घालून झाल्यावर त्यास उपाय नाहीं. म्हणून गवंडी आणि सुतार यांस काम सुरू होण्यापूर्वींच एका दिवशीं, एका खोलींत, समोरासमोर उभें करावें आणि दोघांच्या देखत भिंतीवर पातळीची रेघ मारावी. आमच्या घरीं पातळी योगायोगानें जुळली होती. अवकाश मात्र कोणींच सोडला नव्हता.

तिसरी गोष्ट वेळेची. नव्या सिमेंटच्या जमिनींत ओलावा फार दिवस राहतो. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दुसऱ्या दिवशीं उचलून पाहावें. आंतून थेंब जमले असतील किंवा खालची जमीन काळवंडली असेल, तर अजून थांबावें. फळ्या आणल्याबरोबर ठोकूं नयेत. त्याच खोलींत, मध्यें चिपा घालून, पंधरा दिवस रचून ठेवाव्या, म्हणजे त्या तेथील हवेस सरावतात. आणि काम वैशाखांतहि करूं नये, श्रावणांतहि नव्हे. कार्तिक-मार्गशीर्षांत हवा मध्यम असते. तेव्हां बसविलेली फळी उन्हाळ्यांत थोडी आकसते, पावसाळ्यांत थोडी वाढते, आणि दोन्हींपैकीं कशाचाहि अतिरेक होत नाहीं.

जुन्या माडीवर फरशी

ज्यांचे वाडे अद्याप उभे आहेत त्यांच्यासाठीं एक इशारा देणें अवश्य आहे. जुन्या कडीपाटाच्या माडीवर सारवण नको म्हणून फरशी घालण्याचा मोह होतो. एक इंच जाडीची शहाबादी फरशी दर चौरस फुटास सुमारें ६ किलो भरते. तिच्याखालचा दीड इंच चुन्यासिमेंटचा थर आणखी सातएक किलो. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीस हें एकूण वजन सुमारें सोळा क्विंटल होतें. म्हणजे पंचवीस माणसें त्या खोलींत रात्रंदिवस उभीं. शिवाय कड्या चालतांना किंचित् लवतात, फरशी लवत नाहीं. म्हणून ती तडकते, तडींतून पाणी खालीं जातें आणि कडीचीं टोंकें भिंतींत कुजतात. तीं कुजलेलीं वरून दिसत नाहींत. अशा माडीवर लांकूडच राहूं द्यावें. फरशी घालणें अटळच असेल, तर आधीं एखाद्या स्थापत्यज्ञास कड्या दाखवाव्या.

शेवट

त्या वर्षीं मार्गशीर्षांत आमच्या खोलीची जमीन उचलली. मला भीति होती कीं आजोबांच्या फळ्या वाया जातील. म्हातारा सुतार आला, त्यानें फळ्या मोजल्या, आणि म्हणाला कीं एकहि फळी टाकावी लागणार नाहीं. दोन्ही कडांची मिळून इंचभर रुंदी रंधून काढली कीं झालें. वहिनींच्या मोडलेल्या हाडावर एवढाच इलाज होता, आणि तो आधीं करणें अर्ध्या दिवसाचें काम होतें. दादा तेथें उभे होते. त्यांनीं रंध्याखालून निघालेल्या चुया उचलल्या, हातांत धरल्या, आणि कांहीं न बोलतां आंत गेले.

पट्टी निवडण्याची वेळ आली तेव्हां पुतण्यानें लांकडी रंगाची पट्टी पसंत केली. ती सांध्यांत मिसळून जाते आणि जमीन एकसंध दिसते. वहिनी वॉकर धरून दारांत उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, ती रेघ लपवूं नका. पितळेचीच लावा. मला ती दिसूं दे. मी तिच्याकडे पाहून पाऊल टाकीन."

तशी लावली. त्यानंतर दोन श्रावण होऊन गेले. फळ्या हलल्या नाहींत असें नाहीं, त्या हलल्या, पण आपल्या जागेंत हलल्या. दादा पुन्हां त्या खोलींत बसतात. वहिनी आतां काठी घेऊन चालतात, आणि त्या पितळी रेघेपाशीं आल्या म्हणजे क्षणभर थांबतात, जशा पूर्वीं वाड्यांतल्या उंबरठ्यापाशीं थांबत असत.